समाजशास्त्रासाठी कर्ज काढण्याआधी हा हिशेब करा

मी समाजशास्त्र शिकले ते कर्ज काढून, आणि तो विषय मला आजही जिवापाड आवडतो. म्हणूनच सांगते, प्रवेश घेण्याआधी एक संध्याकाळ वही-पेन घेऊन बसा.

आधी कर्ज. फी, राहणं, पुस्तकं सगळं धरा आणि शिकतानाचं व्याजही त्यात मिळवा. मी ते मिळवलं नव्हतं. 10 टक्के सरळ व्याजाने 100 चे तीन वर्षांत 130 होतात, तेही पहिला हप्ता भरण्याआधी. मुदतीचंही बघा. त्याच दराने 100 चं कर्ज दरमहा समान हप्त्यांनी 10 वर्षांत फेडलं तर एकूण सुमारे 159 जातात, 20 वर्षांत 232. हप्ता लहान दिसतो म्हणून भुलू नका.

मग पगार. कॉलेजला सरासरी नाही, मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा. पाच जणांचे पगार 20, 22, 24, 26 आणि 108 असतील तर सरासरी 40 येते. मधल्याच्या हातात मात्र 24च पडतात. आकडा नेमक्या तुमच्या विषयाचा हवा. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र मोजलं की चित्र फसवं होतं.

कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराच्या आत राहावं, हा ढोबळ नियम मी धाकट्या बहिणीला लावला. तिचं दीडपट आलं. तिने विषय सोडला नाही, कॉलेज बदललं. आणि हो, पुढे एमए करावंच लागणार असेल तर त्याचा खर्चही आजच्याच पानावर लिहा.