स्तोत्रांच्या आधाराने देवाशी बोलावे कसे

देवाशी जवळीक वाढावी अशी इच्छा असणाऱ्या ख्रिस्ती माणसाला बहुधा एवढेच सांगितले जाते की, रोज पवित्र शास्त्र वाचा आणि प्रार्थना करा. सल्ला खरा असला तरी अपुरा आहे. कारण थोड्याच दिवसांत स्वतःचे शब्द संपतात, त्याच त्या मागण्या ओठांवर येतात आणि प्रार्थना उरकण्याची गोष्ट होऊन बसते. अशा वेळी स्तोत्रसंहिता, म्हणजे पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) स्तोत्रांचे पुस्तक, हाती घ्यावी. तिच्यातील १५० स्तोत्रे म्हणण्यासाठी आणि गाण्यासाठी आहेत, आणि त्यांत माणूस देवाची स्तुती करतो तसाच त्याच्याकडे तक्रारही करतो, रडतो, जाबसुद्धा विचारतो.

आधी वेळ आणि जागा ठरवावी. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचे मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे; परंतु रात्रपाळी करणाऱ्याने पहाटेचा हट्ट धरू नये. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले आहे, आणि ज्याच्या घरी वेगळी खोलीच नाही त्याला इमारतीची गच्ची किंवा उपासनेपूर्वीचे रिकामे चर्चही चालते. क्रमाच्या बाबतीत रोज एक स्तोत्र घेतल्यास साधारण पाच महिन्यांत संहिता पूर्ण होते. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेत महिन्याच्या तारखांनुसार सकाळ-संध्याकाळची वाटणी करून ती ३० दिवसांत म्हटली जाते, तर सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमानुसार मठवासी ती दर आठवड्याला पूर्ण करीत. नवख्याने त्यांच्याशी बरोबरी करू नये.

प्रत्यक्ष पद्धत समजण्यासाठी तेरावे स्तोत्र घ्यावे, कारण ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे. प्रथम ते मोठ्याने, सावकाश म्हणावे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तेथे थांबून आपल्या मनातील ‘कोठवर’ नेमका कशाविषयी आहे तो नाव घेऊन सांगावा, मग तो लांबलेला आजार असो, न मिळणारी नोकरी असो किंवा न बोलणारा मुलगा असो. पुढच्या दोन ओव्यांत विनंती आहे, तेथे आपली विनंती जोडावी. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा आणि गाणे आहे. तो भरवसा आज आपल्याजवळ नसेल तर तसे देवाला सांगावे आणि त्या ओव्या तरीही म्हणाव्यात. त्या आपल्याआधी असंख्य विश्वासणाऱ्यांनी म्हटल्या आहेत आणि त्यांच्या सुरात आपला कमकुवत सूर मिसळण्यात काहीही खोटेपणा नाही.

देवापुढे तक्रार करणे म्हणजे अविश्वास, अशी समजूत आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, खोल रुजली आहे. माझ्या मते जवळिकीच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण हीच आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट काळोखात होतो, त्यात दिलाशाची ओळ येत नाही; तरीही ते शास्त्रात आहे आणि त्याची सुरुवात ‘माझ्या उद्धारक देवा’ अशा अर्थाच्या हाकेने होते. वधस्तंभावर येशूने ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे म्हटले, ते बाविसाव्या स्तोत्राचेच पहिले शब्द. त्र्याहत्तराव्या स्तोत्राचा कर्ता दुष्टांची भरभराट पाहून हेवा वाटल्याचे उघड मान्य करतो, देवाच्या पवित्रस्थानात येतो आणि अखेरीस देवाजवळ असण्यातच आपले भले आहे असे म्हणतो. हेवा झाकून ठेवला असता तर तो तेथवर पोहोचला असता असे वाटत नाही.

एकशे सदतिसाव्या स्तोत्राच्या अखेरीस असलेले सूडाचे शब्द म्हणताना जीभ अडखळते, आणि ती अडखळावी. ते शब्द कोणावर फेकण्यासाठी वापरू नयेत. आपला राग स्वतः हाताळण्याऐवजी देवाच्या न्यायासनापुढे कसा ठेवावा, एवढेच त्यांतून घ्यावे.

एकट्याने म्हणताना मन कोरडे पडले तर गाण्याची मदत घ्यावी. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) वारकरी अभंगांच्या संस्कारातून ख्रिस्ताकडे आले, १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांची भजने मराठी मंडळ्या आजही गातात. घरातल्यांबरोबर एक भजन आणि एक स्तोत्र, एवढी कौटुंबिक प्रार्थनाही पुष्कळ आहे. हा कोरडेपणा महिनोन्‌महिने टिकला, झोप किंवा भूक उडाली, तर पाळकांशी किंवा फादरांशी बोलावे आणि डॉक्टरांकडे जाण्यातही कमीपणा मानू नये.

प्रार्थनेच्या मध्येच कोणाशी झालेले भांडण आठवले, तर मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील सूचना स्पष्ट आहे: अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्या भावाशी समेट करावा. तेव्हा पुस्तक मिटून त्याला फोन करावा. राहिलेले स्तोत्र संध्याकाळी म्हणता येते.