व्यसनी माणसाला सांभाळताना घरच्यांनी या चुका टाळा

मुलगा गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या आहारी गेला की सगळ्या घराचे लक्ष त्याच्यावर खिळते. मग आईची रक्तदाबाची गोळी राहून जाते, वडिलांच्या रजा संपत येतात आणि धाकट्या बहिणीची परीक्षा कोणाच्या ध्यानातही राहत नाही. व्यसन पुन्हा पुन्हा उलटणारा आजार असल्याने ही ओढाताण वर्षानुवर्षे चालू शकते. म्हणून स्वतःची झोप, जेवण आणि औषधे "तो सुधारल्यावर पाहू" असे म्हणून पुढे ढकलू नयेत.

सर्वांत खोल रुजलेली चूक झाकपाकीची आहे. तो आजारी असल्याचे कामावर खोटेच कळवणे, त्याची उसनवारी गुपचूप फेडणे, घरातून नाहीशा झालेल्या दागिन्यांबद्दल नातेवाइकांना भलतेच कारण सांगणे, हे सारे मायेपोटी आणि चारचौघांच्या भीतीने घडते. त्यामुळे व्यसनाची झळ त्याला लागत नाही आणि खोटे निभावणारी आई किंवा पत्नी मात्र एकटी पडत जाते. त्याला जेवण नाकारू नये, पण रोख पैसे हातात देऊ नयेत. उपचाराचा खर्च थेट व्यसनमुक्ती केंद्रात भरावा. आणि निदान एका विश्वासू माणसाला खरे सांगावे.

"लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल" हा सल्ला तर कृपा करून ऐकू नका. त्याने एका परक्या मुलीचे आयुष्यही पणाला लागते.

टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा त्रास, काढण्यासाठी त्याला खोलीत कोंडून स्वतः रात्रभर पहारा देणे दोघांनाही घातक आहे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने त्या एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात, त्यामुळे हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. तो बेशुद्ध पडला किंवा श्वास मंदावला, तर 108 ला फोन करावा.

"आमचेच संस्कार कमी पडले" ही टोचणी मी अनेक आयांच्या तोंडून ऐकली आहे. व्यसन आपण लावलेले नसते आणि ते सोडवणे एकट्या आपल्या हाती नसते, हे घरच्यांना समदुःखी माणसांत बसल्यावर अधिक पटते. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे गट 1951 पासून याच विचारावर चालतात. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आधारासाठीची टेली-मानस 14416 हे क्रमांक रुग्णाइतकेच घरच्यांसाठीही आहेत.

मारहाण होत असेल, तर ती आजाराच्या नावाखाली सोसू नये. 112 वर पोलिसांची मदत मिळते, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीला व आईलाही संरक्षण दिले आहे.