‘ड्यून’ वाचताना पाण्याचा माग काढा

फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ (१९६५) ही विज्ञानकादंबरी जाडजूड आहे. घराणी, पंथ, नावं यांत वाचणारा सुरुवातीलाच अडकतो. म्हणून धुळ्यातल्या आमच्या वाचन गटात मी एकच सांगते: पहिल्या वाचनात राजकारण बाजूला ठेवा, फक्त पाण्याकडे बघा. पाणी कुठे सांडलं, मोजलं, कुणी कुणाला दिलं, ते पान क्रमांकासह वहीत टिपा.

मी पांझरा नदीकाठची, फडाच्या म्हणजे सामायिक पाटपाण्यावरच्या शेतीच्या गावातली. बंधाऱ्याचं पाणी पाटकरी फिरवेल तसं, पाळीनेच मिळायचं. कादंबरीतल्या अराकिस या वाळवंटी ग्रहावरचे मूळ रहिवासी, फ्रेमेन, थेंबाथेंबाचा हिशेब का ठेवतात, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मेजवानीचा प्रसंग मात्र सावकाश वाचा. जेवणघराच्या दाराशी पाण्याची पात्रं मांडलेली. जुनी रीत अशी, की पाहुण्यांनी हात बुचकळायचे, पाणी फरशीवर सांडायचं, हात पुसून टॉवेल त्या ओलीतच फेकायचा. मग बाहेर जमलेल्या भिकाऱ्यांना त्या टॉवेलांचं पिळून काढलेलं पाणी! ग्रहाचा नवा शासक ड्यूक लेटो ही रीत मोडतो आणि दाराशी येईल त्याला पेलाभर पाणी द्यायला सांगतो. सत्तेबद्दल एवढं नेमकं मी फार कमी ठिकाणी वाचलंय. पुढे लेटोचा मुलगा, कादंबरीचा नायक पॉल, द्वंद्वात त्याच्याच हातून मेलेल्या जॅमिस या फ्रेमेनच्या अंत्यविधीत रडतो, तेव्हा फ्रेमेन का थक्क होतात तेही याच टिपणाला जोडा.

वाक्यं उतरवताना ती कोण म्हणतं आणि कुठल्या अवस्थेत, हे शेजारी लिहाच. ‘भीती मनाला मारते’ हे अनेकांना पाठ असतं. पण पॉल ते मनात घोळवतो तेव्हा एका परीक्षेत त्याचा हात वेदना देणाऱ्या पेटीत असतो, मानेशी विषारी सुई असते आणि वय जेमतेम पंधरा.

माझ्या मते सगळ्यांत वजनदार वाक्य ग्रहाचा पर्यावरणतज्ज्ञ काइन्स याच्या मरणप्रसंगी येतं. या ग्रहावर पाणी खेळवायचं स्वप्न बघणारा हा माणूस वाळवंटात पाण्यावाचून मरतोय. भ्रमात त्याला दिवंगत वडील बजावतात, की एखाद्या वीराच्या हाती सापडण्याइतकी भयंकर आपत्ती तुझ्या लोकांवर दुसरी येणार नाही. हे लाल शाईने लिहा. त्यानंतर पॉलचा जयजयकार जिथे जिथे होईल, तिथे समासात या पानाचा क्रमांक टाकत चला.

प्रकरणांच्या माथ्यावरचे राजकन्या इरुलानचे उतारे दुसऱ्या वाचनाला ठेवा. अर्पणपत्रिका मात्र आधीच वाचा. ती कोरड्या प्रदेशांत राबणाऱ्या पर्यावरण अभ्यासकांना आहे.