मेंढपाळांसाठी सीएसआर : पाहणी आषाढात करा

समाजकार्य शिकून कारखान्याच्या सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या विभागात रुजू झालात की हातात पहिल्यांदा बाधित गावांची यादी येते. सुपे, रांजणगाव, शिरवळ, लोणंद या औद्योगिक पट्ट्यातल्या यादीत धनगर मेंढपाळ सापडणं अवघड. यादी सातबाऱ्यावरून होते आणि गायरानात चरणाऱ्या मेंढीचा सातबारा नसतो. पाहणीही बहुधा हिवाळ्यात होते. दिवाळीच्या सुमारास निघालेले वाडे (कळपांसह एकत्र फिरणारी मेंढपाळ कुटुंबं) तेव्हा कोकणात असतात आणि पाऊस लागण्याआधी परततात. म्हणून पाहणी आषाढ-श्रावणात ठेवा. एक पूर्ण दिवस कळपामागे चाला. वाट, पाणवठा, रात्रीचा तळ आणि कारखान्याच्या कुंपणामुळे बंद झालेली वाट, सगळं नकाशावर मांडा. वाट मोकळी करून देण्याचा खर्च मात्र कारखान्याने स्वतःच्या खिशातून करावा, तो सीएसआरमध्ये दाखवणं योग्य नाही.

कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सीएसआरवर खर्च करायचे असतात, आणि हिशेब मार्चअखेरीस बंद होतो. मार्चची घाई सुरू असते तेव्हा मेंढपाळ गावात नसतो. त्यामुळे काम सुरुवातीलाच 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं मिळतात. न खर्चलेली रक्कम 30 एप्रिलच्या आत वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते.

सर्वांत जास्त उपयोग लसीकरणाचा होतो आणि सर्वांत जास्त गोंधळही तिथेच. आंत्रविषाराची (मेंढ्यांच्या आतड्यांत विष तयार होणाऱ्या रोगाची) लस पावसाळ्यापूर्वी द्यायची असते. पहिल्यांदाच देत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. मे महिन्यात गावात मांडव घातला तर मेंढ्याच नसतात. शिबिर परतीच्या वाटेवरच्या तळावर घ्या, तारीख वाड्याच्या म्होरक्याला फोन करून ठरवा. वेळ पहाटेची, मेंढ्या वाघरीत, म्हणजे रात्रीच्या जाळीच्या कुंपणात असतानाच. लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस द्रावणात मिसळल्यावर बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची. 30 मेंढ्यांसाठी 100 मात्रांची बाटली फोडू नका. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या.

पाण्याचं गणित सोपं वाटतं, पण फसतं. उन्हाळ्यात मेंढीला चार-पाच लिटर धरा. 200 मेंढ्यांना हजार लिटर. कळप एकदम पाण्यावर तुटून पडतो, म्हणून टाकी मोठी करण्याआधी हौद लांब करा. काठ फूटभर उंच, आत दगडी उतार, नाहीतर कोकरं बुडतात. नियमाप्रमाणे हौद कंपनीच्या मालकीचा ठेवता येत नाही. तो ग्रामपंचायतीकडे किंवा मेंढपाळांच्या गटाकडे द्यावा लागतो. मोटारीचं वीजबिल कोण भरणार हे लेखी नसेल तर हौद कोरडा पडणारच.

संकरित मेंढ्या वाटू नका, लांबच्या चालीला इथली दख्खनी जातच टिकते. पक्क्या शेडचाही मोह टाळा, कारण वाडा बरेच महिने बाहेर असतो. राज्य सरकारच्या महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि एका नराचा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो. त्याची कागदपत्रं जमवायला माणूस दिलात तर थोड्या पैशांत मोठं काम होतं.

आणि माळरानावर वृक्षारोपण? कृपया थांबवा. तिथे पवना, मारवेल या गवतांचं बी टाका. बी रुजताना चराई बंद ठेवावी लागते, आणि नेमके तेच महिने वाडे घरी असतात. म्हणून दरवर्षी माळाचा एक चतुर्थांशच बंद ठेवा. कोणता, ते मेंढपाळांनाच ठरवू द्या.