इडोलचं रिंग डोमेन आणि न वाढणारा रिसेप्टर: या चुका टाळा

नागपुरातला मे. लाइट गेलेली, बर्फाच्या डब्यात निम्मं पाणी झालेलं. ज्युनिअरने ब्लॉटची फिल्म (जिच्यावर प्रथिनांचे पट्टे, म्हणजे बँड दिसतात) खिडकीच्या उजेडात धरली. "ताई, एमजी-१३२ टाकलं, तरी रिसेप्टर काहून वाढत नाही?" एमजी-१३२ हे प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं तोडणारी यंत्रणा, बंद पाडणारं औषध. पीएचडीच्या पहिल्या वर्षी याच प्रश्नात माझे दोन महिने गेले होते, म्हणून हे सविस्तर लिहिते.

इडोल हे प्रथिन २००९ साली कोलेस्टेरॉलच्या संदर्भात पुढे आलं. त्याचं फर्म डोमेन एलडीएल रिसेप्टरची (रक्तातलं एलडीएल पेशीत ओढणाऱ्या प्रथिनाची) पेशीच्या आतली शेपटी पकडतं आणि रिंग डोमेन ई-२ एन्झाइमकडचं युबिक्विटिन (प्रथिनावर 'हे तोडा' अशी खूण करणारं छोटं प्रथिन) त्या शेपटीवर चढवायला लावतं. पेशीत कोलेस्टेरॉल साचलं की एलएक्सआर हा जनुकांचा नियंत्रक इडोलचं जनुक चालू करतो. मग रिसेप्टर घटतात आणि बाहेरचं एलडीएल आत येणं मंदावतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे युबिक्विटिन दिसलं की प्रोटिअसोम गृहीत धरणं. आपण तसंच शिकलेलो असतो. पण इडोलने खूण केलेला रिसेप्टर लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशवीत जातो. त्याला वाचवायचं तर लायसोसोमचं काम थांबवणारं बॅफिलोमायसिन वापरा. प्रोटिअसोममध्ये जातं ते इडोल स्वतः, कारण रिंग डोमेन स्वतःवरही युबिक्विटिन चढवतं. एमजी-१३२ दिल्यावर इडोल टिकतं, रिसेप्टर मात्र कमीच राहतो. त्याच फिल्मचा ब्लॉट आम्ही इडोलच्या टॅगसाठी (त्याला जोडलेल्या ओळखखुणेसाठी) पुन्हा पाहिला, तर बँड ठसठशीत होता. औषध व्यवस्थित लागू पडलं होतं. आणि एमजी-१३२ रात्रभर ठेवू नका. पेशीतलं मोकळं युबिक्विटिन साखळ्यांमध्ये अडकून संपतं, मग रिसेप्टर वाढला तरी तो कशामुळे वाढला हे सांगता येत नाही.

दुसरी चूक लायसिस बफरची, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणाची. पेशी फुटल्या की युबिक्विटिन काढून टाकणारी एन्झाइम्स लगेच कामाला लागतात. त्यांना रोखायला एन-एथिलमॅलिमाइड हवं, तेही त्याच वेळी इथेनॉलमध्ये विरघळवलेलं, कारण पाण्यात ते टिकत नाही. बफरमध्ये डीटीटी (प्रथिनांतले सल्फरचे बंध तोडणारं रसायन) असेल तर दोघं एकमेकांशीच अभिक्रिया करून संपतात. डीटीटी नंतर, सॅम्पल बफरमध्ये घाला. नळीत ई-१, ई-२ घेऊन प्रयोग करत असाल तर ईडीटीए टाळा. एटीपीला लागणारं मॅग्नेशियम ते धरून ठेवतं.

सीरमकडे फार कमी जण बघतात. नेहमीच्या सीरममध्ये एलडीएल असतं, त्यामुळे रिसेप्टरचं जनुक चालू करणारा एसआरईबीपी-२ शांत राहतो आणि रिसेप्टर मुळातच कमी बनतो. तिथे इडोलने आणखी काय कमी केलं ते दिसणार कसं? लायपोप्रोटीन काढलेलं सीरम वापरा.

उंदरावरून माणसाचा निष्कर्षही काढू नका. एलएक्सआर चालू केल्यावर यकृतातला इडोल-रिसेप्टर मार्ग माकडांत जसा हलतो, तसा उंदरांत हलत नाही.

कंट्रोल म्हणून रिंगमधलं सिस्टीन ३८७ (त्या क्रमांकाचं अमिनो आम्ल) बदललेलं इडोल घ्या. ते स्वतःला संपवू शकत नाही, म्हणून तेवढंच डीएनए टाकूनही त्याचा बँड मूळ इडोलपेक्षा गडद येतो. ज्युनिअरला वाटलं, प्लास्मिड जास्त पडलं, आणि ती पुढच्या खेपेला निम्मं टाकायला निघाली होती. मी म्हटलं, तेवढंच टाक, शेजारच्या लेनमधला रिसेप्टर बघ.