कुत्र्याला घेऊन परदेशात राहायला जायचंय? आधी त्याची तारीख काढा, मग तुमची

घरातला कुत्रा सोबत न्यायचाच असं पक्कं ठरलं असेल तर एक करा, तुमची विमानाची तिकिटं अजून काढू नका. माणसांची तिकिटं काय, पैसे टाकले की निघतात, पण कुत्र्याचे कागद महिन्यांच्या हिशोबात चालतात आणि त्यातले बरेचसे दिवस नुसते थांबण्याचे असतात, कितीही पैसे दिले किंवा ओळख लावली तरी ते कमी होत नाहीत. म्हणून कॅलेंडर घेऊन बसायचं, कुत्रा तिकडे कधी उतरू शकतो ते काढायचं आणि मग आपलं ठरवायचं. नोकरीची तारीख आधीच ठरली असेल तर घरातला एक जण मागे राहील का हेही आताच बोलून घ्या.

नियम बघायचे ते जिथे जाताय त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर, बहुतेक शेती नाहीतर पशुसंवर्धन खात्याच्या. ओळखीतलं कुणी तरी "आम्ही तर असंच नेलं" म्हणून सांगतंच, पण ते वेगळ्या देशातून निघालेले असतात किंवा नियम बदलायच्या आधी गेलेले असतात. कुठे जाताय इतकंच कुठून निघताय यालाही महत्त्व आहे, कारण सगळं गणित रेबीजवर चालतं, त्यामुळे एकाच देशात जाणाऱ्या दोन कुत्र्यांना वेगवेगळे नियम लागू शकतात. ब्रीडवर बंदी आहे का तेही तिथेच बघा. ब्रिटनमध्ये पिट बुल टेरियर, जॅपनीज तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो आणि आता एक्सएल बुली या जातींवर बंदी आहे, आणि तिथे कागदावरच्या नावापेक्षा कुत्रा दिसतो कसा हे बघतात.

आता क्रम, आणि इथेच खरी मेख आहे. सगळ्यात आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. कुत्र्याला लस तर दरवर्षी देतोच की, असं वाटतं, पण चिपच्या आधी दिलेली लस बहुतेक ठिकाणी धरतच नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली याचा पुरावा काय? त्याच दिवशी दिली तर चालतं, पण आधी चिप टोचून, स्कॅन करून, मग लस. चिप आयएसओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाची, १५ आकडी नंबरची हवी, जुनी दुसऱ्या प्रकारची असेल तर तिकडच्या स्कॅनरला कदाचित दिसणारच नाही. आधीच चिप असेल तर व्हेटकडे जाऊन स्कॅन करून घ्या, ती वाचली जातेय का आणि नंबर लसीच्या बुकात लिहिलाय तोच आहे का हे एकेक आकडा बोट ठेवून जुळवा. कंटाळवाणं काम आहे, पण दोन आकडे उलटसुलट झालेला कागद विमानतळावर कुणी समजून घेत नाही.

युरोपियन युनियनमध्ये जायचं तर लसीच्या वेळी पिल्लू निदान १२ आठवड्यांचं हवं आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. रेबीजच्या बाबतीत त्यांनी मान्य केलेल्या देशांच्या यादीत नसलेल्या देशातून निघत असाल तर त्यावर टायटर टेस्ट आली, म्हणजे रक्तात रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडी पुरेशा आहेत का ते बघणं. रक्त लसीनंतर निदान ३० दिवसांनी घ्यायचं, मान्यताप्राप्त लॅबलाच पाठवायचं, रिझल्ट किमान ०.५ आययू प्रति मिलिलिटर यायला हवा आणि रक्त घेतल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. जपान तर बहुतेक देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना चिपनंतर दोन लसी आणि टायटरच्या रक्तानंतर १८० दिवस थांबायला लावतं, शिवाय पोचायच्या निदान ४० दिवस आधी त्यांना कळवावं लागतं. ऑस्ट्रेलियासाठी इम्पोर्ट परमिट लागतं आणि मेलबर्नजवळ मिकलहॅमला सरकारी क्वारंटाइनमध्ये कमीत कमी १० दिवस राहावं लागतं, काही केसमध्ये ३०, आणि काही देशांतून तर ते थेट कुत्रा घेतच नाहीत, मध्ये दुसऱ्या देशात राहून जावं लागतं. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केलेत, कुत्रा निदान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा, आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून येणाऱ्यांना त्यावर आणखी कागद.

एक गोष्ट लाल पेनाने लिहून ठेवा, या थांबण्याच्या काळात बूस्टरची, म्हणजे रेबीजच्या पुढच्या लसीची तारीख चुकवायची नाही. एक दिवस जरी मध्ये रिकामा गेला तरी लस नव्याने दिल्यासारखी धरतात आणि टायटरपासून पुन्हा सगळं सुरू.

आता विमान. छोटा कुत्रा असेल तर काही एअरलाइन्स बॅगेसकट साधारण सात-आठ किलोपर्यंत केबिनमध्ये घेतात, मोठा असेल तर खाली होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, एक तर तुमच्याच तिकिटावर नाहीतर कार्गो म्हणून. खाली हवेचा दाब वरच्यासारखाच असतो आणि कुत्र्यांच्या जागी तापमानही सांभाळतात, त्यामुळे "तिथे गारठून जाईल" ही भीती डोक्यातून काढा, खरा त्रास उन्हात किंवा थंडीत धावपट्टीवर थांबावं लागतं तेव्हाचा, म्हणून कडक उन्हाळ्यात बऱ्याच एअरलाइन्स घेतच नाहीत. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तर कित्येक एअरलाइन्स सरळ नाही म्हणतात, त्यांना श्वासाचा त्रास पटकन होतो. ब्रिटनला विमानाने जाणारा पाळीव कुत्रा कार्गोनेच जातो, म्हणून बरेच लोक पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला उतरून पुढे गाडीने, युरोटनेल या समुद्राखालच्या बोगद्याने नाहीतर फेरीने जातात. शक्यतो डायरेक्ट फ्लाइट घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी, कारण मध्ये विमान बदललं की त्या तिसऱ्या देशाचे नियमही बघावे लागतात. आणि एका फ्लाइटला ठरावीकच प्राणी घेतात, तेव्हा आधी फोन करून कुत्र्याची जागा पक्की करा, मग त्याच कॉलवर तुमचं तिकीट. एजंट हवाच का? सोप्या देशाला गरज नाही, क्वारंटाइनवाल्या देशाला मात्र मी पैसे वाचवायला जाणार नाही.

क्रेट, म्हणजे कुत्र्याचा प्रवासाचा पिंजरा, मापूनच घ्यायचा, "लार्ज चालेल" असा अंदाज नको. कुत्र्याला सरळ उभा करा, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत टेप लावा, मग जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत. क्रेटची लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं अर्धं, समजा ७० आणि ३० आलं तर आतून ८५ सेंटीमीटर. रुंदी खांद्यांच्या दुप्पट, आणि उंची डोक्यापर्यंत किंवा कान ताठ असतील तर कानांच्या टोकापर्यंत, त्यात अंथरुणाची जाडी धरून. चपट्या नाकाचा असेल तर १० टक्के मोठा. दोन भाग जोडायला प्लास्टिकच्या क्लिपा नकोत, धातूचे नटबोल्ट लावा, चाकं असतील तर काढा, पाण्याची वाटी दाराला अशी अडकवा की बाहेरून भरता येईल. माप कमी वाटलं तर काउंटरवर परत पाठवतात, वाद घालून उपयोग नसतो.

क्रेट निदान दोन-तीन महिने आधी घरात आणून मधल्या खोलीत उघडाच ठेवून द्या. आधी जेवण त्यात, मग दुपारची झोप, मग दार लावून पाच मिनिटं, मग तासभर, मग गाडीत ठेवून एक चक्कर. स्वतःहून आत जाऊन घोरायला लागला की समजा जमलं. गुंगीचं औषध द्यायचं असं कुणीही सुचवलं तरी नाही म्हणा, त्याने रक्तदाब आणि तोल बिघडू शकतो, शिवाय विमानात त्याच्याकडे बघायला कुणी नसतं, आणि गुंगीतला कुत्रा दिसला तर एअरलाइन नाकारते. म्हातारा असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर व्हेटला स्पष्ट विचारा, याला प्रवास झेपेल का, आणि उत्तर नाही आलं तर ते ऐकायची तयारीही ठेवा.

शेवटचा आठवडा धावपळीचाच असतो. युरोपसाठीचं हेल्थ सर्टिफिकेट सही झाल्यापासून पोचेपर्यंत १० दिवसच चालतं आणि त्यावर सरकारी व्हेटचा शिक्का लागतो, म्हणजे सुट्ट्या कुठे येतायत ते आधी बघा. तुमचा आणि कुत्र्याचा प्रवास पाच दिवसांच्या अंतरात हवा, नाहीतर तो धंद्यासाठी नेलेला प्राणी धरतात. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, फिनलंड, नॉर्वे इथे पोचायच्या २४ ते १२० तास आधी व्हेटच्या हातून टेपवर्मची, म्हणजे आतड्यातल्या पट्टकृमीवरची गोळी आणि वेळेसकट नोंद लागते. सगळ्या कागदांच्या तीन प्रती काढा, एक तुमच्याकडे, एक क्रेटला चिकटवलेल्या पाकिटात, एक फोनमध्ये.

निघायच्या दिवशी चार-सहा तास आधी हलकं खाणं, पाणी मात्र शेवटपर्यंत, चांगला लांब फिरवून आणा, आत तुमचा न धुतलेला टीशर्ट टाका. वाटीत आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवलं तर चढवताना सांडत नाही.

तिकडे पोचल्यावर पहिले काही दिवस पट्टा सोडूच नका, अगदी बोलावलं की येणारा शहाणा कुत्रा असला तरी, त्याला घर कुठे आहे हेच अजून माहीत नसतं. चिपचा नंबर तिकडच्या रजिस्ट्रीत नव्या पत्त्यासकट नोंदवा, लायसन्स किंवा टॅक्स आहे का विचारा, जर्मनीत उदाहरणार्थ कुत्र्याचा टॅक्स भरावा लागतो. आणि टायटरचा रिपोर्ट फेकू नका, बूस्टर वेळेवर देत राहिलात तर युरोपसाठी तोच रिपोर्ट पुढेही चालतो, पुन्हा रक्त काढायची वेळ येत नाही.