जुना चेनसॉ सुरू होत नसेल, तर आधी दोरी ओढणं थांबवा

पंधरा-वीस वेळा दोरी ओढूनही मशीन धरत नसेल, तर एकविसाव्यांदा ओढून काही होणार नाही. तोपर्यंत सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असतं आणि मूळ दोष कोणता होता ते कळायचा मार्गही बंद झालेला असतो. दुसरी चूक याहून महागाची. हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की पहिल्यांदा कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवले जातात. गेल्या हंगामात नीट चाललेल्या मशीनचे स्क्रू पेटीत ठेवल्या ठेवल्या आपोआप फिरत नाहीत. बिघाड दुसरीकडे असतो आणि त्यावर आपण नवा बिघाड चढवतो.

आधी सुरू करायची रीत तपासा, कारण कितीतरी 'बिघडलेली' मशीनं इथेच सुटतात. थंड मशीनला चोक (कार्ब्युरेटरची हवा अडवणारी झडप) पूर्ण लावून दोरी ओढली, की तिसऱ्या-चौथ्या ओढीला एक बारीक 'फट्' असा आवाज येतो आणि मशीन गप्प होतं. तो आवाज म्हणजे इंजिनाने दिलेली खूण. त्यानंतर चोक लगेच अर्ध्यावर आणायचा आणि पुन्हा ओढायचं. ती खूण कानावेगळी झाली आणि पूर्ण चोकवरच ओढत राहिलं, तर पुढच्या चार ओढींत प्लग भिजतो. जुन्या मशीनमध्ये सायलेन्सर भरलेला असला की हा आवाज फार दबका येतो. पूर्ण चोकवर पाच ओढींत काहीच ऐकू आलं नाही, तरी चोक अर्ध्यावर आणून बघा. गरम मशीनला चोक लावूच नका.

प्लग काय सांगतो

आता प्लग काढा. पुढचा सगळा तपास त्याच्या टोकावरून ठरतो.

टोक ओलं आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय. ते जास्त होतंय किंवा ठिणगी पडत नाही. टोक कोरडं ठणठणीत असेल, तर पेट्रोल येतच नाही. काळी, तेलकट काजळी असेल तर ऑइल जास्त, एअर फिल्टर चोंदलेला किंवा चोक पूर्ण उघडत नाही. टोक पांढरंफटक असेल तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, आणि हे लक्षण सर्वांत गंभीर आहे, त्याबद्दल शेवटी.

ओल्या प्लगवर उपाय सोपा. स्विच बंद करा, चोक उघडा, प्लगची वायर प्लगच्या भोकापासून लांब वळवून ठेवा, मशीन भोक खाली येईल असं कलतं करून आतलं पेट्रोल निथळू द्या. मग ॲक्सिलरेटर दाबून दहा वेळा दोरी ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा येतो, म्हणून तोंड बाजूला ठेवा आणि जवळपास विडी-काडी नको. प्लग पुसून, ब्रशने घासून, फटीचं माप बघून बसवा. बहुतेक चेनसॉला ही फट ०.५ मिलिमीटर लागते. काही मॉडेलना ०.६ ते ०.७ चालते, ते माहितीपुस्तिकेत बघा.

ठिणगी

प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरवरच्या धातूच्या पट्ट्यांना टेकवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि सावलीत दोरी झटक्याने ओढा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, तेव्हा ही चाचणी भोकापासून लांबच्या टोकाला करा. निळसर, टणक, 'टक्' वाजणारी ठिणगी चांगली. बारीक नारिंगी ठिणगी असली तर शंका घ्या. उघड्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली पडेलच असं नाही, म्हणून चांगली दिसली तरी एकदा त्याच नंबरचा नवा प्लग लावून बघा. या यादीतला हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे.

ठिणगी मुळीच नसेल, तर कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) विकत आणायला धावू नका. कॉइलवरून स्विचकडे जाणारी बारीक वायर आधी काढा आणि पुन्हा बघा. ठिणगी आली, तर स्विच किंवा त्याची वायर कुठेतरी धातूला टेकतेय. जुन्या मशीनमध्ये त्या वायरचं आवरण मुठीजवळ घासून गेलेलं असतं, आणि पडवीत ठेवलेल्या मशीनमध्ये उंदरांनी कुरतडलेलंही सापडतं. मात्र ही वायर सुटी असताना मशीन सुरू झालं तर स्विचने बंद होणार नाही, म्हणून ही केवळ प्लग बाहेर ठेवून करायची चाचणी.

त्यानंतर फ्लायव्हील, म्हणजे लोहचुंबक बसवलेलं फिरतं चाक. कोकणातल्या दमट हवेत चार महिने पडून राहिलेल्या मशीनच्या लोहचुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर गंजाचा थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो काढा. कॉइल आणि चुंबक यांच्यातली फट ०.२ ते ०.३ मिलिमीटर हवी. फिलर गेज नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड चालतं: कार्ड मध्ये धरा, चुंबकाला कॉइल ओढू द्या, स्क्रू आवळा, कार्ड काढा. फ्लायव्हीलची चावी तुटून ते किंचित सरकलं असेल, तर ठिणगी असते पण वेळ चुकते. मशीन उलटा झटका देतं, दोरी हातातून हिसकते. पॉइंट-कंडेन्सरवाल्या फार जुन्या मशीनमध्ये फ्लायव्हीलखालच्या, ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या पॉइंटवर पांढुरका थर बसतो. तो पुसून पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर ठेवली की बऱ्याचदा काम होतं.

पेट्रोल

प्लग कोरडा असेल, तर एक चाचणी तासाभराचा शोध वाचवते. प्लगच्या भोकात पाव चमचा पेट्रोल-ऑइलचं ताजं मिश्रण टाका, प्लग बसवा, चोक उघडा ठेवून ओढा. मशीन दोन-तीन सेकंद भडकून बंद पडलं, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) दोन्ही कामचलाऊ आहेत. दोष टाकी ते कार्ब्युरेटर या वाटेत आहे.

त्या वाटेवर पहिला संशयित म्हणजे पेट्रोलच. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच असतो, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्याचाच. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, पेट्रोल गढूळ असलं किंवा त्याला वार्निशसारखा आंबूस वास आला, तर ते वापरू नका. इथेनॉलचा दुसरा त्रास जुन्या मशीनलाच जास्त: त्या काळच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले पडदे (डायफ्रॅम) इतक्या इथेनॉलसाठी केलेले नव्हते. नळ्या चिकट होऊन फुगतात किंवा तडकतात, पडदे कडक होतात.

नवं मिश्रण करताना प्रमाण मशीनच्या टोपणावर किंवा पुस्तिकेत बघा. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिलिलिटर. मोजायला औषधाचा मापाचा कप घ्या, अंदाजाने झाकणं ओतू नका. ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचं हवं, डब्यावर 'जासो एफडी' लिहिलेलं. किनाऱ्यावरच्या गावांत होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं ऑइल सहज मिळतं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, चेनसॉच्या तापमानाला टिकत नाही. मिश्रण महिन्याभरात संपेल तेवढंच करा.

मग वाकवलेल्या तारेने टाकीतला फिल्टर बाहेर ओढा. तो काळपट, चिकट असेल तर बदला. नळी बोटाने ताणून बघा, विशेषतः ती टाकीच्या भिंतीतून जिथे आत शिरते तिथे. जुन्या नळीला नेमकी तिथेच केसाएवढी चीर पडते आणि पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. बाहेरून ती दिसत नाही, ताणल्यावरच उघडते. टाकीला हवा घेणारा झडप चोंदला, तर मशीन सुरू होतं, पाच मिनिटं चालतं आणि दम तोडतं. टाकीचं झाकण सैल केल्यावर लगेच सुधारलं, तर दोष त्या झडपेचा.

कार्ब्युरेटर

इथवर सगळं ठीक असेल तरच कार्ब्युरेटर उघडा. एच (जास्त वेगाचा) आणि एल (कमी वेगाचा) हे दोन स्क्रू अलगद पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा, मगच बाहेर काढा. जोर लावून आवळले तर आतली जागा कायमची बिघडते. प्रत्येक थर उघडताना मोबाइलवर फोटो काढा. पेट्रोल आत सोडणाऱ्या सुईच्या बाजूला बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये आधी गॅस्केट आणि वर पडदा असतो. पंपाच्या बाजूला नेमकं उलटं, बॉडीला पडदा आणि वर गॅस्केट. हा क्रम उलटला तर मशीन सुरू होणारच नाही, आणि ही चूक अगदी नेहमीची आहे.

पडदा बोटावर घ्या. तो ओल्या कापडासारखा लुळा पडला पाहिजे. हलवताना प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा कुरकुर वाजत असेल, तर भोक नसलं तरी तो बाद आहे. कडक पडदा सुईची तरफ पुरेशी दाबत नाही आणि पेट्रोल कमी पडतं. पडदे, गॅस्केट, सुई आणि जाळी यांचं किट कार्ब्युरेटरवरचा नंबर सांगून घ्या, मशीनचं नाव सांगून नको. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगळे कार्ब्युरेटर बसवलेले असतात.

पंपाच्या झाकणाखाली नखाएवढी गोल जाळी असते. ती पिवळट चिकट थराने बंद झालेली वारंवार सापडते. छिद्रांत तार खुपसू नका, कारण छिद्राचं माप वाढलं की कार्ब्युरेटर टाकून द्यावा लागतो. क्लीनरचा फवारा फक्त रबरी भाग काढल्यावर मारा आणि हलक्या हवेने फुंका. सुईच्या तरफेची उंची काढण्यापूर्वी जशी होती तशीच ठेवा: उंच राहिली तर प्लग सतत भिजतो, खाली राहिली तर मशीन उपाशी राहतं.

जोडताना स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा. नोंद नसेल तर बऱ्याच मॉडेलला दोन्ही एकेक फेरा बाहेर ही सुरुवातीची जागा चालते. एच स्क्रू कानाला गोड लागेपर्यंत आवळायचा नसतो. लाकडात नसताना पूर्ण वेगावर मशीनचा आवाज किंचित भरडा, तुटक यायला हवा आणि लाकडात शिरल्यावर स्वच्छ व्हायला हवा. रिकाम्या हवेतच सुरेल किंचाळत असेल तर पिस्टन जळायच्या वाटेवर आहे.

कॉम्प्रेशन आणि हवेची गळती

सगळं असूनही धरत नसेल, तर मशीन स्टार्टरच्या मुठीने उचलून लोंबकळू द्या. चांगल्या कॉम्प्रेशनचं मशीन थांबत थांबत खाली येतं. सरळ घरंगळलं तर आतली झीज बघायला हवी. गेजने मोजताना चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि काटा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा ओढा. १५० पीएसआय उत्तम, १२० चालण्याजोगं. १०० च्या खाली मशीन थंड असताना कसंबसं सुरू होतं आणि गरम झाल्यावर धरत नाही. मोटारसायकलचा लांब नळीचा गेज मात्र फसवतो: त्याचा झडप प्लगच्या टोकाशी नसेल, तर नळीतली जागाही मोजली जाते आणि चेनसॉसारख्या छोट्या इंजिनात आकडा खूप कमी दिसतो.

कमी कॉम्प्रेशनचा दोष नेहमी पिस्टनच्या रिंगचा नसतो. दोरी हलकी करणारं डीकॉम्प्रेशनचं बटण असेल, तर त्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. सायलेन्सर काढून बघायलाच हवा. आतली ठिणगी अडवणारी जाळी काजळीने बंद झालेली असते, आणि पावसाळाभर ठेवलेल्या मशीनच्या धुराड्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलंही असू शकतं. त्याच उघड्या तोंडातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल तर बरं. उभे ओरखडे दिसले तर पिस्टन चिकटून सुटलेला आहे.

थंड असताना पटकन सुरू होऊन, वीस मिनिटं कापल्यावर बंद केलं की पुन्हा धरतच नाही, अशा तक्रारीत लगेच ठिणगी बघा. गरम असताना ठिणगी गेली आणि थंड झाल्यावर परत आली, तर कॉइल बदला. ठिणगी असेल आणि प्लग ओला असेल, तर कार्ब्युरेटरची सुई गळतेय.

पांढऱ्या प्लगकडे आता येऊ. सुरू व्हायला त्रास, सुरू झाल्यावर वेग स्वतःच वर-खाली, मशीन आडवं-उभं केलं की आवाज बदलतो: ही बाहेरची हवा आत शिरत असल्याची लक्षणं. इंजिन आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला रबरी जोड, पंपाला दाब देणारी बारीक नळी आणि क्रँकचे (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचे) दोन सील, या तीन जागा बघा. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरची तोंडं रबरी पट्टीने बंद करून ०.५ बार दाब भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. सील दाबात टिकून निर्वातात गळू शकतो, म्हणून हातपंपाने निर्वात करूनही तपासा. कार्ब्युरेटरचे स्क्रू बाहेरच्या बाजूला फिरवून पेट्रोल वाढवलं की लक्षणं काही दिवस दबतात; गळती वाढत राहते आणि एक दिवस पिस्टन चिकटतो. पिस्टनवर ओरखडे आधीच असतील, तर नवा सिलिंडर-पिस्टन बसवण्यापूर्वी ही गळती शोधा, नाहीतर नवा पिस्टनही पहिल्या एक-दोन टाक्यांतच तसाच जाईल.